चालत्या पेशींचे साडू

कर्करोगाच्या पेशींना पोटच्या लेकरांसारखं वाढवणारा, त्यांना वेळच्या वेळी खाऊ घालणारा, मे महिन्यात त्यांच्यासाठी घरातला कूलर उचलून नेणारा आणि एवढं करूनही ज्याला बायकोनं घराबाहेर काढलेलं नाही, असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच निपजला आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. साडू म्हणजे आयुष्यभराची बरोबरी. सासुरवाडीला कोणाच्या पोळीवर तूप जास्त पडलं, कोणाला आधी हाक मारली, स्टँडवर घ्यायला कोणासाठी माणूस आला, ह्यावर बारीक नजर ठेवावी लागते. मीही लग्नानंतर बाह्या सरसावून तयार होतो. पण ह्या माणसाशी बरोबरी करायची तरी कशात? पहिल्या दिवाळीला सासऱ्यांनी आम्हा दोघांना एकाच ताग्यातलं शर्टाचं कापड दिलं. मी ते अंगाला लावून पाहिलं. साडूंनी ते खिडकीच्या उजेडात धरलं, एक डोळा मिटला आणि विचारलं, “मामाजी, याच्या दोन धाग्याइच्या मधातून काय काय जात असन?” सासरे झेंडूचे बागायतदार, साधा माणूस. त्यांना वाटलं, जावयाला कापड विरळ वाटलं. दुसऱ्या दिवशी ते बडनेऱ्याला जाऊन जाड कापड घेऊन आले. अशी साडूंना दोन कापडं झाली, मला एक, आणि त्यांनी दोन्हींतलं एकही शिवलं नाही.

साडू अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. माझं अकोल्याला जठारपेठेत ठिबकच्या नळ्यांचं आणि मोटरपंपांचं दुकान आहे. ह्या दोन उद्योगांचा एकमेकांशी काही संबंध येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण एके दिवशी ते दुकानात येऊन म्हणाले, “साडभाऊ, तुमच्याजवळची सगळ्यात बारीक नळी दाखवा.” मी दाखवली. “याच्याहून बारीक?” तीही दाखवली. त्यांनी ती डोळ्याजवळ नेली आणि मान हलवली. “केसाहून बारीक पायजे.”

“केसाहून बारीक नळीनं कोणतं पीक भिजवता?” मी विचारलं.

“पीक नाही. एकेक पेशी जाईन अशी वाट पायजे.”

शेवटी ती वाट त्यांनी स्वतःच तयार केली. ती कशी करतात हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं आहे की आता मला ते पाठ आहे, समजलेलं नाही. दोन घट्ट औषधं एकत्र कालवायची, बारीक नक्षी असलेल्या साच्यावर ओतायची, त्यातले बुडबुडे काढायचे आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. मग पारदर्शक रबराची एक वडी निघते. ती काचेच्या पट्टीवर चिकटवली की तिच्या पोटात दोन इवलेसे हौद तयार होतात आणि दोन हौदांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणारे पाट. एका हौदात पेशी सोडायच्या, दुसऱ्यात त्यांना आवडणारं खाणं ठेवायचं आणि कोण पाटातून पलीकडे जातं ते पाहत बसायचं. कॉलेजात ह्याला चिप म्हणतात. घरी वडीच म्हणतात, कारण कॉलेजचा ओव्हन बिघडला की ती घरच्या ओव्हनमध्ये भाजली जाते. एकदा त्यांच्याकडे गेलो असताना टेबलावर बशीत अशा वड्या कापून ठेवलेल्या होत्या. मला वाटलं कोणी आग्र्याहून पेठा आणला. मी एक तोंडात टाकली आणि चावत राहिलो. साडू शांतपणे म्हणाले, “विरघळत नसते ते. घाबरू नका, कोरी हाय, पेशी टाकल्या नाहीत अजून.” मी वडी हातात काढली. तेव्हा माणसानं पाणी तरी विचारावं. त्यांनी विचारलं, “दात मारला तिथं फाटली का दबली, दाखवा बरं.”

पेशी चालतात हेच मला मुळात पटत नव्हतं. “पेशीले पाय असतात का?” मी एकदा स्पष्टच विचारलं. नाही, म्हणाले. मग चालते कशी? “पाय काढते.” कुठून? “अंगातून.” आणि पोचल्यावर? “पाय अंगात घेते.” म्हणजे नसलेला पाय काढायचा, त्यावर चालायचं आणि तो पुन्हा नसलेला करायचा. मी त्या दिवशी अकोल्याला परत येईपर्यंत मूर्तिजापूर कधी गेलं ते मला कळलं नाही. रात्री बायकोला हे समजावून सांगायला बसलो तर ती म्हणाली, “आधी जेवून घ्या.”

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे ते कुठेही गेले तरी दार पाहतात. लग्नाला आले की नवरा-नवरीकडे ढुंकून पाहणार नाहीत, जेवणाच्या मांडवाच्या दाराशी उभे राहणार. लोकांना वाटतं हे पाहुण्यांचं स्वागत करायला आहेत, म्हणून लोक त्यांच्या पाया पडतात. ते मात्र माझा दंड धरून सांगत असतात, “पाहा, भाजीचा वास आला तसा कोण पयले हालला ते पाहा. त्याच्या मांगं सगळे. दार अरुंद केलं का एकेक जाते.” माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी खरोखरच दोन खुर्च्या सरकवून दार अरुंद केलं. वऱ्हाडी मंडळी खवळली, नवरदेवाच्या मामाचा झब्बा खुर्चीला अडकून फाटला आणि मी व्याह्यांसमोर हात जोडून उभा राहिलो. साडू मागून म्हणाले, “पाहा, फाटला तरी थांबला नाही तो.”

सेमाडोहच्या जंगलात आम्ही सगळं कुटुंब जिप्सीत बसून वाघ पाहायला गेलो, तेव्हाही तेच. वाघ खरंच निघाला. समोर रस्ता ओलांडून चालला होता, बायकोनं माझं मनगट आवळलं होतं, मुलांचे श्वास अडकले होते आणि आमचे साडू वाघाकडे पाठ करून मागच्या नाल्यातल्या वाळूकडे पाहत होते. गाइड कुजबुजला, “साहेब, वाघ इकडं हाय.” साडू म्हणाले, “हाय ना. पण आला कुकून?” गाइडनं सांगितलं, “नाल्यानं आला. मोकळी वाट भेटते तं तो झाडोऱ्यात कायले घुसते?” एवढ्यावर हा माणूस असा खूश झाला की परतवाड्यापर्यंत गाइडचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. पुढे डबा उघडल्यावर त्यांनी त्या वाघाचा संबंध पेशींशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा ताईंनी त्यांच्या हातात पुरी देऊन त्यांना गप्प केलं.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची बायको. झेंडूच्या मळ्यात वाढलेली बाई. लहानपणी फुलांच्या वाफ्यात विळा लागून उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाच्या शेंड्यावर एक आडवी खूण पडलेली आहे, आणि काळजीत असली की ती अंगठ्यानं ती खूण चोळत राहते. काही वर्षांपूर्वी ताईंच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि पुन्हा आले, डॉक्टर म्हणाले आता चांगलं आहे. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. ताईंनी मात्र एक प्रश्न धरून ठेवला. संध्याकाळी चहा देताना, भाजी निवडताना, कधीही ती खूण चोळत म्हणायची, “गाठ तं काढली. पण तिच्या आधीच एखादी सुटून गेली असन तं?”

ह्यावर जगातला कुठलाही नवरा म्हणेल, छे, काही सुटलेली नाही. डॉक्टरनं तसंच सांगितलं, माझ्या बायकोनं तसंच सांगितलं, मीही मोठा जाणता असल्यासारखं तसंच सांगत आलो. साडू म्हणायचे, “मले माहीत नाही. पाहून राहिलो.” दर वेळी तेच, शब्दाचाही फरक नाही. माझ्या बायकोला ह्याचा भयंकर राग यायचा. “एवढं एक खोटं बोलता येत नाही का भाऊजीले?” ती घरी आल्यावर माझ्यावर ओरडायची, जणू मीच त्यांना खरं बोलायला शिकवलं होतं. पण खरंच त्यांना येत नाही. मी एकदा नवी गाडी दाखवून कशी वाटली विचारलं, तर म्हणाले, रंग चुकला. ताईंच्या गाठीच्या आधी हा माणूस मासोळ्यांच्या कल्ल्यांवर काम करायचा. त्या प्रश्नानंतर त्यांनी मासोळ्या सोडल्या आणि सुटलेल्या पेशी कुठे जातात, कशा जातात, ह्याच्यामागे लागले. हे मला फार उशिरा उमगलं. त्याआधी मी त्यांना विचारायचो, की तुम्ही ह्या पेशी मारून का टाकत नाही, त्यांना खाऊ काय घालता? ते म्हणायचे, “माराले दुसरे हायेत. मी चालणं पाहून राहिलो.”

पाहण्यासाठी त्यांच्याकडे एक मोठा मायक्रोस्कोप होता. तो त्यांचा नव्हता, कॉलेजचाही नव्हता. बाहेरच्या एका मोठ्या संस्थेनं तो वर्षभरासाठी वापरायला दिला होता. वर्ष संपलं की त्यांची माणसं येणार, चालू काम डोळ्यांनी पाहणार, आणि पटलं तर मायक्रोस्कोप आणखी राहणार, नाहीतर परत जाणार. साडू त्याला कुशीत घेऊन झोपले नाहीत एवढंच. मे महिन्यात पेशींची खोली तापली, त्यांना माणसाच्या अंगाइतकीच ऊब लागते आणि अमरावतीचं ऊन त्याच्या पुष्कळ वर गेलं, तेव्हा घरचा कूलर कॉलेजात गेला आणि ताई महिनाभर ओला पंचा डोक्यावर घेऊन फिरली. मी चिडून म्हटलं, कॅन्सरला वाळ्याची थंड हवा आणि घरच्या माणसाला पंचा? ताईच मला म्हणाली, “राहू द्या. माह्याच कामासाठी हाय.”

त्या मायक्रोस्कोपमधून काढलेली एक फिल्म त्यांनी मला दाखवली होती. पेशींना हिरवा रंग दिलेला असतो. निळा उजेड टाकला की त्या अंधारात हिरव्या चमकतात. दिवसभराचं चालणं मिनिटभरात पळवून दाखवतात. डावीकडच्या हौदात हिरव्या ठिपक्यांची गर्दी, आणि त्यातला एक ठिपका पाटाच्या तोंडाशी आला. थांबला. अंग बारीक केलं आणि आत डोकं घातलं. मी खुर्चीत पुढे सरकलो. अर्ध्यापर्यंत आला तशी माझ्या तोंडून निघून गेलं, “चाल, चाल.” मग मला आठवलं की मी कोणाला चाल म्हणतोय. तो ठिपका तिथंच घुटमळला आणि मागे फिरला. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचं आणखी वाईट वाटलं. त्या क्षणी मी कोणाच्या बाजूनं होतो हे आजही मला सांगता येणार नाही. साडू म्हणाले, “लय वापस येतात.” तेव्हा मला ते वाक्य महत्त्वाचं वाटलं नाही.

त्या पेशी ज्या बाईच्या होत्या ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली, असंही त्यांनी एकदा बोलता बोलता सांगितलं. बाई कुठली, कोण, त्यांनाही माहीत नव्हतं. बाई गेली आणि पेशी मात्र अमरावतीत खाऊन-पिऊन आहेत, हे ऐकून मी पुन्हा गोंधळात पडलो. ताई नाही पडली. यंदा पितृपक्षात तिनं घरच्यांबरोबर त्या अनोळखी बाईसाठीही एक पान वाढून गच्चीवर ठेवलं. साडूंनी ते पाहिलं आणि त्या दिवशी ते कॉलेजला उशिरा गेले.

आणि मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संस्थेची माणसं यायची होती आणि चिपमधल्या पेशींना खाणं पोचवणाऱ्या साडूंच्या पंपाची बारीक नळी नेमकी तेव्हाच गळायला लागली. ते सकाळीच अकोल्याला माझ्या दुकानात आले. दुकानात पूजा मांडलेली होती. आमच्याकडे त्या दिवशी पान्यापासून पंपापर्यंत सगळ्यांना आंघोळ, हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. मी आणि बायको एकेका पंपाला बोट लावत चाललो होतो. साडूंनी नळीच्या मापासाठी आणलेली एक चिप काउंटरवर ठेवली होती. हळदीचं बोट ओलंच होतं, म्हटलं, घरचंच हत्यार आहे, आणि मी बोट पुढे केलं. साडूंनी झडप घालून चिप छातीशी धरली. “इच्यावर नोको.”

“काहून? हत्यार नाही का हे?”

“हाय. पण हळद नोको. अजिबात नोको,” ते म्हणाले आणि नळी घेऊन, चहाही न पिता, अमरावतीला निघून गेले. बायको दुखावली. तिनं हातातलं तबक खाली ठेवलं आणि तिथूनच ताईला फोन लावला. “ताई, भाऊजी आपल्या मशीनले हळद लावू देत नाहीत वो. अन् परवा तं माणसं यायची हायेत.”

दसऱ्याच्या सकाळी माझा फोन वाजला. साडूंचा आवाज अगदी सपाट होता. “साडभाऊ, सगळ्या सुटल्या.” आणि फोन बंद.

आता मला सांगा, माणसानं ह्याचा काय अर्थ घ्यावा? मी गाडी काढली, बायकोला बसवलं आणि वाटभर डोळ्यांसमोर त्या हिरव्या पेशी नसलेले पाय काढत अमरावतीच्या भर राजकमल चौकापर्यंत पोचलेल्या पाहत होतो. बायकोला ताईकडे सोडलं. नाकातोंडाला रुमाल घट्ट बांधून कॉलेजात शिरलो. साडू अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपसमोर बसले होते.

“तोंडाले काहून बांधलं?”

“सुटल्या म्हणता ना.”

“बाहीर नाही. चिपच्या आतच. पाटातून.” त्यांनी चष्मा काढला. “वर्षभर पाहून राहिलो. बहुतेक दारातूनच वापस जातात. आज पाहा. अलीकडं-पलीकडं काही राहिलंच नाही. सगळीकडं हिरवं. एका चिपमधे नाही, सगळ्याइमधे. उद्या त्या लोकाइले काय दाखवू ते सोडा. तुमच्या ताईले काय सांगू?”

मी त्यांच्या खुर्चीवर बसलो आणि आत पाहिलं. खरंच, हिरवं धुकं. ठिपका नाही, हौद नाही, पाट नाही. मला काही कळत नव्हतं म्हणून मी काहीतरी करावं म्हणून बाजूचं चाक फिरवलं. एरवी त्या चाकाला हात लावला असता तर त्यांनी माझा हात मोडला असता. चाक फिरलं तसं धुकं हळूहळू फाटलं आणि त्यातून रेघा निघाल्या. एकीशेजारी एक, वळणं घेत गेलेल्या, नांगरून सऱ्या पाडल्यासारख्या. “यात तं सऱ्या दिसून राहिल्या,” मी म्हटलं.

त्यांनी मला बाजूला सारलं आणि पाहिलं. खूप वेळ पाहिलं. एकदा चाक पुढे, एकदा मागे. मग म्हणाले, “हे पेशी नोहेत. हे रबराच्या वरच्या अंगाले हाय. हे बोट हाय.” पुन्हा वाकले. “अन् सऱ्याइच्या मधातून एक आडवी रेघ गेली.”

ती रेघ कुठल्या विळ्याची होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी चिप काढली आणि नाकाला लावली. मग माझ्याही नाकाला लावली. हळद. निळ्या उजेडात हळदही हिरवीच चमकते, हे मला त्या दिवशी कळलं. साडूंना आधीपासून माहीत होतं, म्हणूनच तर माझ्या बोटापासून त्यांनी चिप वाचवली होती. वाचवायला हवी होती ती दुसऱ्याच बोटापासून. हा माणूस किल्ली रोज विसरतो म्हणून कॉलेजच्या खोलीची एक किल्ली ताईकडेच असायची. बायकोचा फोन आल्यावर, ते अकोल्याहून परतीच्या वाटेवर असताना, तिनं जाऊन एकेका चिपला हळदीचं ओलं बोट नुसतं टेकवलं होतं. कुंकू लावलं नाही, लाल दिसलं असतं. फूल वाहिलं नाही, सापडलं असतं. पेशींच्या खाण्याचं आतलं पाणी आधीच गुलाबी, त्यावर एवढंसं पिवळं कोणाला दिसणार होतं? हे तिनं बायकोला सांगितलं आणि बायकोनं मला, परतीच्या वाटेवर.

साडू स्टुलावर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की रडत होते हे मला अंधारात कळलं नाही. गोंधळ माझ्या पाचवीलाच पुजलेला आहे. मी म्हटलं, “आपण धुऊन काढू ना.”

“डब्याले लागलेली हळद धुतल्यानं जाते का कधी? रबरानं पिऊन घेतली.”

दुपारी पुरणपोळीचं जेवण होतं. ताईनं साडूंच्या पोळीवर तूप सोडलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “मशीन बरी चालून राहिली ना?” माझी बायको ताटातल्या कटाच्या आमटीत काहीतरी शोधत होती. मी साडूंकडे पाहिलं. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे त्या घरातल्या भिंतींनाही माहीत होतं. “चालून राहिली,” साडू म्हणाले आणि त्यांनी आणखी एक पोळी मागितली.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. जुन्या फिल्म पाहून चांगलं म्हणाली, पण आज चालू असलेलं दाखवा म्हणाली. साडूंनी त्यांना हळद दाखवली आणि जे झालं ते खरं सांगितलं. एक जण हसला, एकानं पाठीवर हात ठेवला आणि महिनाअखेर मायक्रोस्कोप खोक्यात भरून गेला. ताईनं विचारलं तेव्हा साडू म्हणाले, “मुदत संपली होती.” तिनं माझ्या बायकोला फोनवर सांगितलं, “पूजा केली म्हून एवढे दिवस तरी राहिली.” बायकोनं फोन ठेवला आणि ओट्याशी जाऊन बराच वेळ उभी राहिली. भाऊजींना एवढं एक खोटं बोलता येत नाही का, असं ती त्यानंतर म्हणालेली नाही.

दिवाळीत आम्ही अमरावतीला गेलो. चकल्या झाल्या, दह्यातला गिला वडा झाला, सासरे नव्या झेंडूचा भाव सांगून दमले. संध्याकाळी ताई चहा घेऊन आली, साडूंना कप दिला आणि तिचा अंगठा त्या खुणेवर गेला. “गाठ तं काढली,” ती म्हणाली. “पण एखादी सुटून गेली असन तं?”

आता हा माणूस काय म्हणणार? पाहून राहिलो म्हणायला पाहायचं यंत्रच उरलं नव्हतं. साडूंनी कप खाली ठेवला. “सुटली असन तं असन,” ते म्हणाले. माझ्या बायकोनं डोळे मिटून घेतले. “पण मी वर्षभर पाहिलं. सुटणाऱ्या लय असतात, पोचणारी एखादीच. बाकी सगळ्या दारापाशी घुटमळतात, अर्ध्या वाटंतून वापस फिरतात. आपल्याले वाटते सुटली म्हंजे पोचलीच. तसं नसते. वाट लय अवघड हाय तिच्यासाठी.”

ताई त्यांच्याकडे वळली. “मंग हे आधी काहून नाही सांगतलं?”

“आधी मले माहीत नोतं.”

तिनं खुणेवरचा अंगठा काढला. “चहा थंडा होऊन राहिला,” म्हणाली आणि आत गेली. आतून दोघी बहिणींचं बोलणं ऐकू यायला लागलं, मग भांड्यांचा आवाज, मग हसणं. कितीतरी दिवसांनी मी ताईंचं हसणं ऐकत होतो. मला त्या क्षणी साडूंना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात तशी पद्धत नाही.

साडूंनी शर्टाच्या खिशाचं बटण काढलं आणि कागदात गुंडाळलेली एक चिप माझ्या हातात दिली. बाकीच्या फेकल्या, ही ठेवली, म्हणाले. मी ती खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली, त्यांच्यासारखा एक डोळा मिटून पाहिला. फिकट पिवळ्या डागापलीकडे मला काही दिसलं नाही. सऱ्या नाहीत, आडवी रेघ नाही. त्याला निळा उजेड लागतो आणि तो उजेड खोक्यात बसून निघून गेला होता.

“दिसलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“दिसलं,” मी म्हटलं.

त्यांनी चिप परत घेतली, कागदात नीट गुंडाळली, खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.